परसातील कोंबडी : जात निवडताना स्वभावाचा विचार

सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांत कोंबडी ही घरधनिणीची मिळकत समजली जाते. पाटण-जावळीच्या पावसाळी डोंगरपट्ट्यात काय किंवा माण, आटपाडी, जतच्या कोरड्या माळावर काय, परड्यात पाच-दहा कोंबड्या राखणारी घरे सर्वत्र आढळतात. दाणा टाकणे, खुराडे झाडणे, सांजेला कोंबड्या डालणे ही कामे गृहिणीच्या, नाहीतर मुलांच्या व वृद्धांच्या वाट्याला येतात. असे असूनही जात निवडताना चौकशी होते ती अंडी किती आणि वजन किती एवढीच. पक्षी माणसाच्या हाताशी येईल काय, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

निवड चुकल्याची किंमत या भागाने मोजली आहे. मध्य प्रदेशातील झाबुआ भागाच्या कडकनाथ कोंबडीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि तिच्या काळ्या मांसाची कीर्ती दूरवर पसरली. पक्षी विकून अंडी व कोंबड्या परत घेण्याचे आश्वासन देणाऱ्या एका योजनेत फसवणूक झाल्याच्या तक्रारी २०१९ मध्ये वाळवा तालुक्यातून पुढे आल्या. त्यांत सांगली, सातारा, कोल्हापूर तसेच इतर जिल्ह्यांतील शेतकरी होते. दोष पक्ष्याचा नव्हता. परंतु कडकनाथ बुजरा आहे, अंडी बेताची देतो आणि त्याची मादी क्वचितच खुडूक बसते. परसातील लहान थव्यासाठी त्याची निवड करण्यापूर्वी हे कळावयास हवे होते.

असील जातीची गोष्ट याच्या उलट. मादी उत्तम आई असते, पिल्लांसाठी मुंगसावरही धावून जाते. मात्र ही जात झुंजीसाठी जोपासली गेलेली असल्याने नर एकमेकांना रक्तबंबाळ करतात व लहान पिल्लांतही मारामाऱ्या लागतात. पांढरी लेगहॉर्न अंड्यांत अग्रेसर खरी. पण ती हलक्या अंगाची व भित्री असते. भांडे पडल्याच्या आवाजानेही ती कुंपणापलीकडे उडते. पिंजऱ्यातील व्यवसायात हा दोष खपतो, परसात खपत नाही.

शांत स्वभावाच्या दृष्टीने दोन जुन्या शुद्ध जाती विशेष उपयुक्त आहेत. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड रेड ही तांबूस रंगाची, तपकिरी अंडी देणारी जात. बंदिस्त संगोपनात ती वर्षाला दोनशेच्या आसपास अंडी देते, परसात अर्थातच कमी. तिच्या माद्या सोशिक असतात, नर मात्र कधी कधी दांडगे निघतात. ऑस्ट्रेलियातील ब्लॅक ऑस्ट्रालॉर्प तिच्याहूनही निवांत. काळ्या पिसांमुळे माणदेशातील उन्हात तिला दाट सावली व दिवसभर थंड पाणी द्यावे लागते.

बंगळूरच्या हेब्बाळ येथील पशुवैद्यक महाविद्यालयात विकसित झालेला गिरिराज आणि हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेचा वनराज हेही शांत व रंगीत पिसांचे पक्षी असून ते आपल्याकडे चांगले रुळले आहेत. त्यांच्या बाबतीत दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. ते वजनदार असल्याने घार किंवा कुत्रा आल्यास त्यांना उडून झाडावर बसणे जमत नाही. शिवाय ते संकरातून तयार झालेले असल्याने त्यांच्या अंड्यांतून निघणाऱ्या पिढीत मूळ गुण सारखे उतरत नाहीत. दर वेळी नवी पिल्ले केंद्रातूनच आणावी लागतात. शुद्ध जातीचे तसे नाही. घरच्या अंड्यांवर थवा पुढे चालू राहतो. अट एकच, शेजारचा गावठी कोंबडा परड्यात फिरकता कामा नये.

या सुधारित कोंबड्या सहसा खुडूक बसत नाहीत. त्यासाठी दोन-तीन गावठी कोंबड्या थव्यात राखणे हा जुनाच आणि उत्तम उपाय होय. एक गावठी कोंबडी दहा-बारा अंडी एकवीस दिवसांत उबवते, पिल्लांना चरावयास शिकवते आणि घारीची चाहूल लागताच त्यांना पंखाखाली घेते. गावठी म्हणून तिला हिणवणारे हे काम कोणत्या यंत्राकडून करून घेणार?

थव्याचा स्वभाव बहुतांशी नरावर ठरतो. तलंगांच्या गट वाटपात २५ माद्यांमागे ३ नर देण्याची पद्धत आहे व तेवढे पुरे होतात. पाच-दहा कोंबड्यांच्या थव्याला एकच नर हवा. मुलांच्या अंगावर धावून जाणारा कोंबडा रुबाबदार दिसला तरी पैदाशीला ठेवू नये, कारण ती खोड संततीत उतरते. पक्षी घेताना सायंकाळी खुराड्यापाशी सावकाश जाऊन पाहावे. शांत पक्षी मान वर करून बघतात व पुन्हा स्थिर होतात, भित्रे कोपऱ्यात एकमेकांवर चढतात. पिल्लांना पहिल्या आठवड्यापासून हातावर दाणा दिल्यास ती माणसाळतात. मात्र जागा अपुरी पडली तर शांत जातही टोचाटोची करू लागते, आणि तेव्हा जातीला दोष देण्यात अर्थ नसतो.

शासनाची जवळची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे कोल्हापूर व पुण्यातील खडकी येथे आहेत. तेथून वा अन्यत्र कोठूनही पिल्ले आणली तरी राणीखेत रोगाची लासोटा लस पाच ते सात दिवसांच्या वयात डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून द्यावी व सहा ते आठ आठवड्यांनी आर-टू-बी लस टोचून घ्यावी. मोठे पक्षी विकत आणल्यास ते दोन-तीन आठवडे वेगळे राखावेत. मग रात्री, जुने पक्षी झोपलेले असताना, त्यांना खुराड्यात सोडावे. सकाळपर्यंत दोघांना एकमेकांची सवय होते व भांडणे कमी होतात.