वाळवंटातल्या जीपचा दणका: ‘कंबर लचकली’ म्हणून सोडून देऊ नका

दिवाळी झाली, हवेत गारवा आला, की जुन्नर-आंबेगाव भागातून राजस्थानकडे निघणाऱ्या गाड्या वाढतात. शाळेपासूनचे मित्र, भिशीतली मंडळी किंवा दोन-तीन कुटुंबं मिळून हजार किलोमीटरहून जास्त प्रवास करून जैसलमेर गाठतात. तिथून सुमारे ४० किलोमीटरवर सम नावाचं गाव आहे. तिथल्या वाळूच्या टेकड्यांवर जीप सफारी असते. काही जण यासाठी दुबईलाही जातात. जीप टेकडीवर जोरात चढवायची आणि माथ्यावरून एकदम खाली सोडायची, हीच या सफारीची गंमत. पाठीच्या कण्याला धोकाही याच क्षणी असतो.

पारगावच्या एखाद्या ५८ वर्षांच्या काकांचं उदाहरण घेऊ. मित्रांसोबत ते जीपच्या मागच्या बाकावर बसले. टेकडीच्या माथ्यावर गाडी उडाली, काका सीटवरून वर उचलले गेले आणि दाणकन खाली आदळले. पाठीत कळ आली. पण सगळे हसत होते, म्हणून तेही हसले. रात्री मित्रांनी बाम चोळून दिला. दोन दिवस गाडीत बसून गावी परत आले. ‘उसण भरली असेल’ म्हणून कोणीतरी पायाळू माणसाकडून पाठीला पाय लावून घेतला. मग मालीश, पट्टा, मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या. तीन आठवड्यांनी एक्स-रे काढला तेव्हा कळलं, की कमरेचा पहिला मणका दबून मोडला आहे.

ही एकाच माणसाची गोष्ट नाही. ओपीडीत वेगवेगळ्या तोंडून अशीच हकिगत ऐकू येते. कधी कारण वाळवंटातली जीप असते, कधी खड्ड्यात आदळलेली एसटी, कधी बांधावरून उडालेला ट्रॅक्टर. म्हणून हा दणका नेमकं काय करतो, हे समजून घेऊ.

दणक्यात मणक्याचं काय होतं?

आपला कणा एकावर एक रचलेल्या मणक्यांचा असतो आणि दोन मणक्यांमध्ये गादी असते. चालताना, उड्या मारताना गुडघे आणि घोटे वाकून बराच धक्का झेलतात. बसलेल्या माणसाला ही सोय नसते. सीटवर आदळल्यावर सगळा जोर माकडहाडाकडून सरळ कण्यात चढतो.

त्यातच जीपमध्ये आपण पुढचा दांडा धरून थोडे वाकून बसलेलो असतो. त्यामुळे जोर मणक्याच्या पुढच्या भागावर येतो. तो भाग चेपला, की चौकोनी मणका पाचरीसारखा होतो. याला ‘कॉम्प्रेशन फ्रॅक्चर’ म्हणतात. बरगड्यांना जोडलेला पाठीचा ताठ भाग जिथे संपतो आणि कमरेचा लवचीक भाग जिथे सुरू होतो, त्या सांध्याजवळचे मणके यात सर्वांत जास्त सापडतात.

तरुण, मजबूत हाडाच्या माणसाचाही मणका अशा दणक्यानं मोडू शकतो. हाडं ठिसूळ झालेली असतील, तर त्याहून खूप कमी जोर पुरतो.

साधी लचक की फ्रॅक्चर?

स्नायू लचकला असेल, तर दुखणं बहुतेक वेळा कण्याच्या बाजूला असतं आणि काही दिवसांत रोज थोडं थोडं कमी होतं. पुढच्या गोष्टी असतील, तर फ्रॅक्चरची शंका घ्यावी:

- दणका बसला त्या क्षणीच पाठीत जोराची कळ आली.
- दुखणं कण्याच्या मधोमध आहे आणि तिथे हलकं बोट दाबलं तरी दुखतं.
- उभं राहताना, बसताना, कूस बदलताना, खोकताना कळ वाढते. आडवं पडल्यावर बरं वाटतं.
- तीन-चार दिवस झाले तरी उतार नाही.
- पाठीत नवा बाक किंवा उंचवटा दिसतो.

नुसत्या लक्षणांवरून घरी खात्री करता येत नाही. मणका मोडलेला असतानाही माणूस चालू शकतो. म्हणून ‘चालता येतंय, म्हणजे हाड मोडलेलं नाही’ हा समज चुकीचा आहे. शंका असेल तोवर मालीश करून घेणं, पाठ तुडवून घेणं, पाय लावून घेणं, कंबर ‘बसवून’ घेणं पूर्णपणे टाळा. मोडलेल्या मणक्यावर जोर पडला, तर तो आणखी चेपू शकतो आणि क्वचित मज्जातंतूंनाही इजा होते.

यातलं काहीही दिसलं तर थांबू नका

खालील लक्षणं मज्जारज्जू किंवा नसा दबल्याची असू शकतात. रात्र असो वा परगाव, त्याच वेळी रुग्णालयात जा:

- पायात ताकद कमी वाटणं, पाय लटपटणं किंवा बधिर होणं
- जांघेत, गुदद्वाराभोवती किंवा बसायच्या जागी संवेदना कमी होणं
- लघवी तुंबणं, किंवा लघवी-संडासवरचा ताबा जाणं
- पाठदुखीसोबत पोटात जोराचं दुखणं, चक्कर, घाम किंवा दम लागणं

लघवी तुंबल्याचं सांगायला बऱ्याच जणांना संकोच वाटतो. सोबतच्या मित्रांनी आणि घरच्यांनी हे स्पष्ट विचारावं. अशा वेळी उपचाराला झालेल्या उशिरामुळे कायमचं अपंगत्व येऊ शकतं.

सफारीत दणका बसला, तर तिथल्या तिथे काय करावं?

१. गाडी थांबवायला सांगा. ‘एवढी फेरी होऊ दे’ म्हणू नका. पहिल्या दणक्यानं तडा गेला असेल, तर दुसरा तो वाढवतो.

२. जोराची पाठदुखी असेल, मानेला लागलं असेल किंवा गाडी उलटली असेल, तर जखमीला हात-पाय धरून उचलू नका आणि उठवून बसवू नका. डोकं, मान आणि पाठ एका रेषेत राहू द्या.

३. ११२ किंवा १०८ वर फोन करा. रुग्णवाहिका येईपर्यंत सावली द्या, अंगावर पांघरूण घाला. ऑपरेशनची गरज पडू शकते, म्हणून खायला-प्यायला देऊ नका.

४. आग लागण्याचा किंवा दुसरी गाडी अंगावर येण्याचा धोका असेल, तरच हलवा. तेव्हा तीन-चार जणांनी मिळून, पाठ न वाकवता, एकाच वेळी हलवावं.

५. तपासणी जैसलमेरमध्येच करून घ्या. मोठ्या उपचारांसाठी जोधपूरला एम्स आहे. पण ते पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. ‘गावी गेल्यावर बघू’ म्हणून मोडलेला मणका घेऊन दोन दिवस गाडीत बसणं सर्वांत वाईट.

तपासणी आणि उपचार

सुरुवात एक्स-रेपासून होते. आपल्या भागात मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयासारख्या ठिकाणी दाखवता येईल. फ्रॅक्चर किती खोल आहे, नसांवर दाब आहे का, हे पाहण्यासाठी पुढे सीटी स्कॅन किंवा एमआरआय लागू शकतो. पहिल्या एक्स-रेमध्ये बारीक फ्रॅक्चर कधीकधी दिसत नाही. दुखणं कायम असेल, तर पुन्हा दाखवा.

रिपोर्टवर ‘मणक्याचं फ्रॅक्चर’ असं वाचून घरचे घाबरतात. पण कणा स्थिर असेल आणि नसांवर दाब नसेल, तर बहुतेक रुग्ण ऑपरेशनशिवाय बरे होतात. वेदनाशामक औषधं, काही काळ पट्टा किंवा ब्रेस, वाकणं आणि ओझं उचलणं बंद, आणि डॉक्टर सांगतील तेव्हा हळूहळू चालणं असे उपचार असतात. हाड भरून यायला साधारण ८ ते १२ आठवडे लागतात. या काळात ट्रॅक्टर चालवणं आणि पाठीवर पोती वाहणं बंद ठेवावं लागतं.

महिनाभर अंथरुणात पडून राहणंही चांगलं नाही. त्यानं स्नायू आणि हाडं आणखी कमजोर होतात आणि पायात रक्ताच्या गाठी होण्याचा धोका वाढतो. वेदनाशामक गोळ्या मनानं घेऊ नका. किडनीचा विकार, अल्सर, हृदयविकार असलेल्यांना किंवा रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांना त्यातल्या काही गोळ्या धोकादायक ठरतात.

वय पन्नाशीच्या पुढे असेल, तर एक प्रश्न आवर्जून विचारा: ‘डॉक्टर, माझी हाडं ठिसूळ झाली आहेत का?’ डेक्सा नावाच्या तपासणीत ते कळतं. एक मणका मोडला आणि ठिसूळपणावर उपचार झाले नाहीत, तर दुसरं हाड मोडण्याची शक्यता वाढते.

जीपमध्ये कोणी बसू नये?

- गरोदर महिला. जोराच्या धक्क्यानं वार सुटण्याचा धोका असतो. धक्का बसलाच आणि नंतर पोटात दुखलं, अंगावरून रक्त गेलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर लगेच रुग्णालयात जा.
- हाडं ठिसूळ असलेले, पूर्वी मणका मोडलेले आणि बरेच महिने स्टिरॉइड घेणारे रुग्ण. यात संधिवात किंवा दम्यासाठी स्टिरॉइडच्या गोळ्या घेणारेही आले.
- मणक्याची गादी सरकलेले, सायटिका असलेले किंवा पाठ-मानेचं ऑपरेशन झालेले.
- नुकताच हार्ट अटॅक, अँजिओप्लास्टी, पोटाचं किंवा डोळ्याचं ऑपरेशन झालेले. यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं.
- रक्त पातळ करणारी औषधं घेणारे. डोक्याला साधा मार लागला, तरी आत रक्तस्राव होऊ शकतो. त्याची लक्षणं कधी काही दिवसांनी, तर कधी काही आठवड्यांनी दिसतात.
- सीट बेल्ट नीट बसत नाही अशी लहान मुलं. मांडीवर घेतलेलं मूल हातांनी धरून ठेवणं दणक्याच्या क्षणी शक्य नसतं.

पाळी गेल्यानंतरच्या महिला आणि साठीपुढचे पुरुष यांच्यात ठिसूळपणा असूनही तो माहीत नसतो. त्यांनी उड्या मारणाऱ्या सफारीऐवजी सपाट रस्त्यानं टेकड्यांपर्यंत जाऊन सूर्यास्त पाहावा.

बसायचंच असेल तर

बेल्ट आणि वरचा मजबूत लोखंडी सांगाडा असलेलीच गाडी घ्या. बेल्ट पोटावर नको, ओटीपोटाखाली, कमरेच्या हाडांवर घट्ट बसवा. उभं राहून किंवा कडेवर बसून फोटो काढू नका. मागच्या चाकांवरच्या बाकापेक्षा दोन्ही चाकांच्या मधल्या सीटवर धक्का कमी बसतो. पाठ टेकवून, पाय जमिनीवर रोवून बसा. चालकाला निघण्याआधीच सांगा, ‘भाऊ, उड्या नकोत, सावकाश घ्या.’ चालकानं दारू घेतली असेल, तर पैसे गेले तरी चालतील, त्या गाडीत बसू नका.

चार चाकांची क्वाड बाईक वजनानं जड असते आणि उतारावर चालवणाऱ्याच्या अंगावर उलटू शकते. हेल्मेट घाला आणि एका माणसाच्या बाईकवर दोघं बसू नका. १६ वर्षांखालील मुलांना ती देऊ नये, असा अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे.

ऊन, पाणी आणि रोजची औषधं

सफारीसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. जैसलमेरच्या वाटेवरच्या फलोदीत १९ मे २०१६ रोजी ५१ अंश तापमान नोंदलं गेलं होतं, यावरून तिथल्या उन्हाळ्याची कल्पना येईल. उन्हात कोणी असंबद्ध बोलू लागला किंवा बेशुद्ध झाला आणि अंग भट्टीसारखं तापलं असेल, तर तो उष्माघात समजा. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि रुग्णवाहिका बोलवा. इथे तापाची गोळी उपयोगी पडत नाही.

लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांच्या अंगातलं पाणी लवकर कमी होतं. प्रवासात गोळ्या कशा घ्यायच्या, हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारा; मनानं बंद करू नका. इन्सुलिन उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. गाडी लागू नये म्हणून घेतलेल्या गोळीनं झोप येते, म्हणून चालवणाऱ्यानं ती घेऊ नये. दम्याचा पंप बॅगेत नको, खिशात ठेवा.

सोबतच्या मित्रांसाठी

पाठ दुखणाऱ्या माणसाला आपली पाठ माहीत असते. तरीही ‘चल रे, काही होत नाही’ या एका वाक्यानं तो जीपमध्ये चढतो. तुमच्यापैकी कोणी ‘मी बसत नाही’ म्हणाला, तर त्याची थट्टा करू नका. एकानं त्याच्यासोबत चहा घेत खाली थांबावं. आणि सफारीनंतर कोणी पाठ धरून गप्प बसलेला दिसला, तर बामची बाटली काढण्याआधी त्याला विचारा: नेमकं कुठे दुखतंय, पायाला मुंग्या येतात का, लघवी नीट झाली का? उत्तरात शंका वाटली, तर त्याला त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.