पट्ट्याचे गणित

तुमच्या घरी पायाने चालवायचे शिवणयंत्र आहे का? नसेल तर शेजारी असेल, नाहीतर गल्लीतल्या शिंप्याकडे नक्की असेल. त्याच्या खाली एक मोठे चाक असते आणि वर एक लहान चाक असते. दोन्हींच्या खाचेतून चामड्याची एकच वादी गेलेली असते. अम्मीची परवानगी घ्या, कापड व दोरा काढून ठेवा आणि मोठे चाक हाताने सावकाश एक पूर्ण फेरा फिरवा. (उर्दूत आपण ज्याला चक्कर म्हणतो, त्याला मराठीत फेरा म्हणतात.) सुई किती वेळा खाली-वर झाली ते मोजा. मोठे चाक १२ इंचांचे आणि लहान चाक ३ इंचांचे असेल, तर सुई चार वेळा खाली-वर होईल, म्हणजे एका फेऱ्यात चार टाके पडतील.

असे का होते? वादी घसरली नाही, तर मोठ्या चाकावरून जेवढी वादी सरकते, तेवढीच लहान चाकावरूनही सरकते. लहान चाकाचा घेर कमी असतो, म्हणून तेवढी वादी सरकण्यासाठी त्याला जास्त फेरे घ्यावे लागतात. पट्ट्यावर चालणाऱ्या सगळ्या यंत्रांचे गणित यात आले. ते असे मांडतात :

पहिल्या पुलीचा व्यास × तिचे फेरे = दुसऱ्या पुलीचा व्यास × तिचे फेरे

'पट्टा' हा शब्द तुम्हांला नवा नाही. तो उर्दूतही आहे. ज्या चाकावरून पट्टा फिरतो, त्याला कारखान्यात सगळे जण 'पुली' म्हणतात. आपणही तोच शब्द वापरू.

आता मालेगाव किंवा भिवंडीच्या एखाद्या गल्लीत चला. यंत्रमागांची खटखट दुरूनच ऐकू येते. तुमच्यापैकी कितीतरी जणांचे अब्बा, चाचा किंवा मामू याच मागांवर काम करीत असतील. शिवणयंत्रात पट्टा वेग वाढवतो. मागावर तो वेग कमी करतो. मोटार मिनिटाला ९६० फेरे घेते असे समजू. इतक्या वेगाने माग चालवला तर तो मोडून पडेल. म्हणून मोटारीवर ७५ मिलिमीटर व्यासाची लहान पुली आणि मागाच्या मुख्य दांड्यावर ४८० मिलिमीटरची मोठी पुली बसवली.

९६० × ७५ ÷ ४८० = १५०

मुख्य दांडा मिनिटाला १५० फेरे घेईल. या दांड्याच्या प्रत्येक फेऱ्याला धोटा एकदा या टोकाकडून त्या टोकाला जातो व एक आडवा धागा विणला जातो. कापडात इंचाला ६० आडवे धागे हवे असतील, तर मिनिटाला अडीच इंच कापड तयार होईल. आठ तासांत १,२०० इंच, म्हणजे सुमारे साडेतीस मीटर. अर्थात हे कागदावरचे कापड झाले. धागा तुटतो, धोट्यातली कांडी संपते, वीज जाते. तेवढा वेळ माग उभाच असतो.

माझ्या ओळखीच्या एका कारखान्यात मालकाने मोटारीवरची ७५ ची पुली काढून ९० ची बसवली. गणित सरळ होते : ९६० × ९० ÷ ४८० = १८०. वेग वाढला, कापडही तेवढेच वाढेल असे सर्वांना वाटले. विणकरांना मजुरी मीटरवर मिळत असे, त्यामुळे तेही खूश झाले. पण उभे धागे वारंवार तुटू लागले. ते सांधण्यात वेळ जाऊ लागला आणि मोटार हात लावता येणार नाही इतकी तापू लागली. दिवसाच्या शेवटी कापड पूर्वीपेक्षा कमीच निघाले. जॉबरने आठवड्याने जुनी पुली परत बसवली. त्याचे म्हणणे आधीच कोणी ऐकले असते, तर विणकरांची आठवडाभराची मजुरी बुडाली नसती.

चूक कोठे झाली? मालकाने फेऱ्यांचा हिशेब केला, शक्तीचा केला नाही. वेग १५० वरून १८० झाला, म्हणजे १.२ पट. घर्षणासाठी लागणारी शक्ती साधारण तेवढीच पट वाढते. पण धोट्याचे तसे नाही. वेग १.२ पट झाला की त्याला फेकायला लागणारी ऊर्जा १.२ × १.२, म्हणजे १.४४ पट होते. शिवाय तो मिनिटाला १.२ पट वेळा फेकायचा. म्हणून धोट्यासाठी लागणारी शक्ती सुमारे १.७३ पट होते! मोटार मात्र तीच.

पट्ट्याला किती ओढ सोसावी लागते, हेही काढता येते. शक्ती = ओढ × पट्ट्याचा वेग. येथे ओढ म्हणजे पट्ट्याच्या ताणलेल्या व सैल बाजूंच्या ताणांतील फरक. ७५ मिलिमीटरच्या पुलीचा घेर सुमारे ०.२३५५ मीटर असतो. मोटार सेकंदाला १६ फेरे घेते, म्हणून पट्ट्याचा वेग सेकंदाला सुमारे ३.७७ मीटर झाला. मोटार १ अश्वशक्तीची, म्हणजे ७४६ वॅटची, असेल व पूर्ण शक्ती देत असेल, तर ओढ ७४६ ÷ ३.७७ = सुमारे १९८ न्यूटन होईल. साध्या भाषेत, वीस किलो वजन टांगल्याइतकी. दोन्ही पुल्या दुप्पट व्यासाच्या घेतल्या तर मागाचा वेग तोच राहतो आणि ओढ निम्मी होते. म्हणूनच फार लहान पुलीवर पट्टा लवकर घसरतो. तिच्यावर ओढ जास्त पडते आणि पट्ट्याला धरायला जागाही कमी मिळते.

थोडे घसरणे नेहमीच असते. हिशेबाने १५० आणि प्रत्यक्षात १४७ फेरे आले, तर घसरण २ टक्के झाली. त्याहून बरीच जास्त असेल, तर पट्टा सैल झाला आहे किंवा त्यावर तेल सांडले आहे असे समजावे. पट्टा अति घट्ट करणेही वाईट, कारण मग बेअरिंग झिजतात.

चालू पट्ट्याजवळ मात्र कधीही जाऊ नका. वीस किलोची ही ओढ सैल बाही किंवा ओढणीचे टोक क्षणात आत खेचते. पुलीवर जाळी नसेल, तर ती बसवायला मोठ्यांना सांगा.

तुम्हांला मागाची घसरण मोजायची असेल, तर एक सोपी युक्ती आहे. मुख्य दांड्याखाली दातेरी चाकांनी जोडलेला आणखी एक दांडा असतो. तो बरोबर निम्म्या वेगाने फिरतो. माग बंद असताना जॉबरकडून त्या दांड्याच्या चाकावर खडूची एक रेघ मारून घ्या. माग सुरू झाल्यावर दूर उभे राहा आणि घड्याळ लावून दोन मिनिटे ती रेघ किती वेळा वर येते ते मोजा. तोच आकडा म्हणजे मुख्य दांड्याचे एका मिनिटाचे फेरे. मग दोन्ही पुल्यांचे व्यास जॉबरला विचारा आणि उत्तर किती जुळते ते वहीत लिहा.