खेळाडू मोठा, पण महाविद्यालयाचे दार बंद

खास प्रतिनिधी
सदर (नागपूर)

सदर परिसरातील शाळांच्या कोर्टवर बास्केटबॉल खेळत मोठ्या झालेल्या मुलामुलींना बारावीनंतर घरात एक प्रश्न हमखास विचारला जातो. 'खेळून पुढे काय?' क्रीडा कोट्यातून रेल्वेत किंवा एखाद्या सार्वजनिक उपक्रमात नोकरी, हे त्याचे ठरलेले उत्तर. 'खेळ संपल्यावर महाविद्यालयात प्रशिक्षक होईन', असे उत्तर क्वचितच ऐकू येते. अमेरिकेत मात्र व्यावसायिक खेळाडूने महाविद्यालयीन संघाचा प्रशिक्षक होणे ही रुळलेली वाट आहे. आपल्याकडे ती का नाही आणि तिकडे तरी ती कितपत सोपी आहे, हे समजून घेणे नागपूरच्या खेळाडूंसाठी उपयोगाचे ठरेल.

तेथे प्रशिक्षक म्हणजे काय?

अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडास्पर्धांचा कारभार 'एनसीएए' ही संघटना पाहते. तिच्या पहिल्या श्रेणीत साडेतीनशेहून अधिक शिक्षणसंस्थांचे बास्केटबॉल संघ आहेत. तेथील मुख्य प्रशिक्षक हा पूर्णवेळ पगारी व्यावसायिक असतो. सराव घेणे हे त्याच्या कामाचा एक भाग झाला. देशभरातील शाळांतून खेळाडू हेरणे, त्यांच्या पालकांना भेटणे, शिष्यवृत्ती देऊन त्यांना आपल्या विद्यापीठात आणणे आणि तेथे टिकवून ठेवणे, हे त्याहून मोठे काम. २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावाच्या जाहिरातींतून कमाई करण्याची मुभा मिळाली. त्याच वर्षापासून विद्यापीठ बदलणेही सोपे झाले. २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर तर विद्यापीठे खेळाडूंना थेट मोबदला देऊ लागली. त्यामुळे प्रशिक्षकाची जबाबदारी आता एखाद्या व्यवस्थापकासारखी झाली आहे. निकाल न दिल्यास नोकरी जाते, हेही ओघाने आलेच.

स्टेली यांची वाटचाल

या वाटेवरचे सर्वांत ठळक नाव म्हणजे डॉन स्टेली. १९७० मध्ये जन्मलेल्या स्टेली फिलाडेल्फियातील गरीब वस्तीत वाढल्या. व्हर्जिनिया विद्यापीठाकडून खेळल्यानंतर त्या व्यावसायिक खेळाडू झाल्या. १९९६, २००० आणि २००४ अशा सलग ३ ऑलिम्पिकमध्ये त्यांनी सुवर्णपदक मिळविले. अथेन्स येथील २००४ च्या उद्घाटन सोहळ्यात अमेरिकेचा ध्वज त्यांच्याच हाती होता.

२००० मध्ये फिलाडेल्फियातीलच टेम्पल विद्यापीठाने त्यांच्याकडे महिला संघ सोपविला, तेव्हा त्या व्यावसायिक लीगमध्ये खेळत होत्या. उन्हाळ्यात स्वतः खेळायचे आणि हिवाळ्यात विद्यार्थिनींना शिकवायचे, असा दुहेरी क्रम त्यांनी २००६ पर्यंत सांभाळला. २००८ मध्ये त्या साउथ कॅरोलिना विद्यापीठात गेल्या. तेथील पहिल्याच हंगामात संघाने १० सामने जिंकले आणि १८ गमावले. विद्यापीठाने धीर सोडला नाही. पुढे विद्यापीठाच्या परिसरातच वाढलेली एजा विल्सन ही गुणी खेळाडू त्यांनी संघात आणली आणि २०१७ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळाले. २०२२ मध्ये पुन्हा, तर २०२४ मध्ये ३८ पैकी ३८ सामने जिंकून तिसऱ्यांदा त्यांचा संघ विजेता ठरला. १० विजयांपासून ३८ विजयांपर्यंतच्या या प्रवासाला १५ वर्षे लागली, हे विसरता येणार नाही.

नाव पुरेसे नाही

मात्र, सर्वांनाच हे साधले नाही. पॅट्रिक युइंग यांनी खेळाडू म्हणून जॉर्जटाउन विद्यापीठाला १९८४ मध्ये विजेतेपद मिळवून दिले होते. २०१७ मध्ये तेच विद्यापीठ त्यांना प्रशिक्षक म्हणून लाभले. २०२१ मध्ये त्यांच्या संघाने आपल्या गटाची स्पर्धा जिंकली, पण पुढच्याच हंगामात गटातील १९ पैकी १९ सामने गमावले. २०२३ मध्ये त्यांना पद सोडावे लागले. क्लाइड ड्रेक्सलर या दिग्गजाने ह्यूस्टन विद्यापीठात १९९८ ते २००० अशी दोनच वर्षे काढली. त्यात विजय १९ आणि पराभव ३९. फार कशाला, १८९१ मध्ये हा खेळ शोधून काढणारे जेम्स नेस्मिथ कॅन्सस विद्यापीठाचे प्रशिक्षक होते. त्यांच्या नावावरही ५५ विजय आणि ६० पराभव आहेत. खेळता येणे वेगळे आणि खेळवून घेणे वेगळे, हाच याचा अर्थ.

आपल्याकडे अडते कोठे?

भारतात महाविद्यालयाच्या बास्केटबॉल संघासाठी स्वतंत्र, कायम प्रशिक्षक नेमण्याची पद्धत सहसा नाही. कबड्डीपासून क्रिकेटपर्यंत साऱ्या खेळांचा भार एकट्या शारीरिक शिक्षण संचालकावर असतो. एखाद्या खेळाचा जाणकार स्पर्धेपुरता मानधनावर बोलाविला जातो.

संचालकपदासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार शारीरिक शिक्षणातील पदव्युत्तर पदवी ५५ टक्के गुणांसह आणि नेट, सेट किंवा नियमांत बसणारी पीएच.डी. लागते. याला पर्याय म्हणून आशियाई किंवा राष्ट्रकुल स्पर्धेतील पदकविजेत्यास केवळ पदव्युत्तर पदवीवर पात्र धरले आहे. पण भारताला बास्केटबॉलमध्ये या दोन्ही स्पर्धांत आजवर एकही पदक मिळालेले नाही. म्हणजेच कुस्तीगीर किंवा नेमबाजाला उघडे असलेले हे दार भारतीय संघाच्या बास्केटबॉल कर्णधारालाही बंद आहे!

दुसरे कारण आर्थिक आहे. व्यावसायिक लीगचा पाया आपल्याकडे कच्चा राहिला. २०१५ मध्ये सुरू झालेली 'यूबीए' लीग २०१७ नंतर थांबली. 'आयएनबीएल' ही लीग २०२२ मध्ये आली. परिणामी खेळाडूचा खरा आधार म्हणजे नोकरी. मानधनावरील प्रशिक्षकपदासाठी ती निवृत्तिवेतनाची किंवा बढतीची नोकरी कोण सोडणार?

मग वाट कोणती?

पतियाळा येथील राष्ट्रीय क्रीडा संस्थेची प्रशिक्षण पदविका क्रीडा प्राधिकरण, राज्याचे क्रीडा खाते, अकादमी आणि क्लब येथे उपयोगी पडते; पण महाविद्यालयीन संचालकपदासाठी ती पुरेशी नाही. तेथे एम.पी.एड.च हवे. विदर्भातील खेळाडूंना त्यासाठी लांब जाण्याचे कारण नाही. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने शारीरिक शिक्षणाची मोठी परंपरा उभी केली आहे. खेळत असतानाच ही पदवी पदरात पाडून घेतली, तर पुढची वाट मोकळी राहते.

अर्थात, सारा भार खेळाडूंवर टाकून चालणार नाही. राष्ट्रीय स्पर्धा खेळलेल्या अनुभवी खेळाडूला वर्षभराच्या करारावर, पुरेशा मानधनासह संघ सोपविणे मोठ्या महाविद्यालयांना अशक्य नाही. मात्र संघ सोपविल्यावर पहिल्या वर्षाच्या पराभवाने डगमगायचे नाही, एवढी तयारी हवी. सदरच्या एखाद्या कोर्टवर आज घाम गाळणाऱ्या मुलीला 'पुढे काय' या प्रश्नाचे आणखी एक उत्तर त्यातून मिळू शकेल.