पुस्तक रत्नागिरीत, शोध शिकागोत

रत्नागिरीत १८२८ साली वाचनालय सुरू झाले. आजचे रत्नागिरी जिल्हा नगर वाचनालय ते हेच, आणि महाराष्ट्रातले सर्वांत जुने वाचनालय म्हणून त्याचे नाव घेतले जाते. चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचे. पुस्तक हवे असले की वाचनालयाची पायरी चढायची, ही या जिल्ह्याची जवळपास दोनशे वर्षांची सवय आहे. आता मात्र शोधाची सुरुवात पडद्यावर होते. पुस्तकाचे नाव टाइप केले की एखाद्या ऑनलाइन दुकानाचे पान उघडते, किंमत दिसते, खरेदीचे बटण दिसते. तेच पुस्तक दोन गल्ल्या पलीकडच्या वाचनालयाच्या कपाटात असेल, तर ते पान त्याचा पत्ता लागू देत नाही.

ही तूट भरून काढणारी छोटी साधने (‘एक्स्टेन्शन’) ब्राउझरमध्ये बसवता येतात. डिसेंबर २००२ मध्ये जॉन उडेल या अमेरिकी तंत्रलेखकाने ‘लायब्ररी लुकअप’ नावाचा एक बुकमार्क तयार केला. ॲमेझॉनवर पुस्तकाचे पान उघडून त्यावर क्लिक केले की तो पानाच्या पत्त्यातला आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, उचलायचा आणि गावच्या ग्रंथालयाच्या सूचीत तेच पुस्तक शोधायचा. पुढे व्हर्जिनिया टेक विद्यापीठातून ‘लिबएक्स’ आले, २००६ मध्ये जॉर्ज मेसन विद्यापीठातून ‘झोटेरो’ आणि २०१७ मध्ये ‘अनपेवॉल’. अमेरिका, कॅनडा, ब्रिटनमधल्या वाचकांसाठी ‘लायब्ररी एक्स्टेन्शन’ही आहे. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना तिथल्या आपल्या गावच्या सार्वजनिक ग्रंथालयात एखादे पुस्तक आहे का, हे त्यामुळे दुकानाच्या पानावरच कळू शकते.

आपल्याकडे या साधनांची माहिती कमी आणि त्यांच्याविषयीचे गैरसमज बरेच. त्यांतले सहा इथे तपासले आहेत.

गैरसमज १: एक्स्टेन्शन बसवले की जगातली सगळी पुस्तके फुकट वाचता येतात.

वस्तुस्थिती: या साधनांकडे स्वतःचे एकही पुस्तक नसते. ती फक्त दुवा जोडतात. उघडलेल्या पानावर पुस्तकाचा आयएसबीएन किंवा लेखाचा डीओआय क्रमांक शोधायचा, तो एखाद्या सूचीला विचारायचा आणि मिळालेले उत्तर वाचकाला दाखवायचे, एवढेच त्यांचे काम. पुस्तक छापील असेल तर ते आणायला वाचनालयात जावेच लागते आणि त्यासाठी तिथले सभासदही असावे लागते. ई-पुस्तक असेल तर ग्रंथालयाने त्याची वर्गणी भरलेली असावी लागते.

झोटेरोचे काम थोडे वेगळे आहे. वाचक एखाद्या ग्रंथालयाच्या सूचीत पुस्तकाची नोंद पाहत असताना झोटेरोचे बटण दाबले, की लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष हा सगळा तपशील त्याच्या संग्रहात जमा होतो. पुढे प्रबंध लिहिताना संदर्भसूची तिथूनच तयार करता येते. हे साधन मोफत आहे आणि त्यात देवनागरी नोंदीही नीट ठेवता येतात. पुस्तक वाचायचे आणि त्यावर लिहायचे काम अर्थातच वाचकाचे.

गैरसमज २: फुकट मिळाले म्हणजे ते चोरीचेच असणार.

वस्तुस्थिती: हापूसच्या बागायतदाराला ‘साका’ चांगलाच ठाऊक असतो. बाहेरून निरोगी दिसणारे फळ कापले की आत गर पांढरट, स्पंजासारखा निघतो. समजा, एखाद्या विद्यार्थ्याला त्यावरचा शोधनिबंध हवा आहे. प्रकाशकाच्या संकेतस्थळावर सारांश दिसतो आणि त्याखाली डॉलरमधली किंमत. ब्राउझरमध्ये अनपेवॉल असेल तर पानाच्या उजव्या कडेला कुलपाची छोटी खूण येते. ती हिरवी झाली तर त्या निबंधाची मोफत प्रत कुठेतरी उपलब्ध आहे, राखाडी राहिली तर नाही. हिरवी खूण दाबली की ती प्रत उघडते. अनपेवॉल ही प्रत प्रकाशकांनी स्वतः खुल्या केलेल्या लेखांतून किंवा विद्यापीठे आणि संस्थांच्या भांडारांतून शोधते. लेखकाने आपल्या निबंधाची प्रत संस्थेच्या भांडारात ठेवणे अनेक प्रकाशकांच्या नियमांतच बसते. त्यामुळे ही वाट पूर्ण कायदेशीर आहे.

राखाडी खूण दिसली म्हणून शोध संपला असेही नाही. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या ‘कृषिकोश’ भांडारात कृषी विद्यापीठांचे प्रबंध ठेवलेले असतात. दापोलीला तर १९७२ पासून कोकण कृषी विद्यापीठच आहे. या विद्यापीठाच्या वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून साकामुक्त ‘रत्ना’ ही जात काढली. इतर विषयांचे पीएच.डी. प्रबंध गांधीनगरच्या ‘इन्फ्लिबनेट’ केंद्राच्या ‘शोधगंगा’वर मिळतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी प्रबंधाची डिजिटल प्रत देणे बंधनकारक केले. त्यातून तिथे लाखो प्रबंध जमले आणि ते वाचायला कोणतेही खाते लागत नाही.

पुस्तकांच्या बाबतीत कायद्याची रेषा स्पष्ट आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो आणि ही मुदत पुढच्या वर्षाच्या आरंभापासून मोजतात. दापोलीजवळच्या पालगडचे साने गुरुजी १९५० मध्ये गेले. म्हणून १ जानेवारी २०११ पासून त्यांची पुस्तके सर्वांसाठी खुली झाली. ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ लिहिणारे भारतरत्न पां. वा. काणे हेही याच जिल्ह्याचे, पण त्यांचे निधन १९७२ चे. त्यांच्या ग्रंथांवरचा हक्क २०३२ अखेरपर्यंत आहे. दोघांच्याही पुस्तकांच्या पीडीएफ कुठेतरी तरंगताना दिसू शकतात. त्यांतली कोणती वैध, हे ठरवायला लेखकाचे मृत्युवर्ष पाहावे लागते.

गैरसमज ३: ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ आल्यापासून सर्व भारतीयांना सगळी नियतकालिके मोफत झाली.

वस्तुस्थिती: केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ही योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक आणि सुमारे १३,००० ई-नियतकालिके असा तिचा आवाका आहे. योजना खरोखर मोठी आहे. पण तिचा लाभ केंद्र आणि राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्था यांच्यामार्फत मिळतो. गावातला डॉक्टर, वकील, निवृत्त शिक्षक किंवा बागायतदार यांना घरबसल्या स्वतंत्र प्रवेश पहिल्या टप्प्यात नाही. त्यांच्यासाठी अनपेवॉल, शोधगंगा, कृषिकोश याच वाटा आज उपयोगाच्या आहेत.

याच्या उलट असाही एक समज आहे, की ई-संसाधने महाविद्यालयाच्या संगणकावरच उघडतात. इन्फ्लिबनेटची ‘एन-लिस्ट’ सेवा महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना वैयक्तिक लॉगिन देते. राजापूरच्या घरी बसूनही ते चालते. आपले महाविद्यालय या सेवेत आहे का आणि लॉगिन कसे मिळते, ही चौकशी ग्रंथपालांकडे करायची.

गैरसमज ४: नेटवरच्या सूचीत सापडत नाही म्हणजे पुस्तक कुठे नाहीच.

वस्तुस्थिती: मराठी वाचकाला सर्वांत जास्त फसवणारा गैरसमज हाच. जगभरच्या ग्रंथालयांची ‘वर्ल्डकॅट’ ही एकत्रित सूची १९७१ पासून चालते. त्यात मराठी पुस्तकेही भरपूर आहेत. अमेरिकेने भारताला दिलेल्या धान्याच्या बदल्यात जमलेल्या रुपयांतून, ‘पीएल-४८०’ कायद्यानुसार, १९६२ पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्ली कार्यालयाने भारतीय भाषांतली पुस्तके खरेदी केली आणि तिथल्या विद्यापीठांना पाठवली. त्यामुळे पुण्यात छापलेले पुस्तक शिकागो विद्यापीठात असल्याचे वर्ल्डकॅट बिनचूक सांगते. कोकणातल्या वाचनालयाची सूची त्या जाळ्यात नसेल, तर तिथली प्रत त्याला दिसत नाही.

दुसरी अडचण लिपीची. अमेरिकी ग्रंथालयांत मराठी शीर्षके ठरावीक रोमन लिप्यंतराने नोंदवतात. ‘श्यामची आई’ शोधताना आपण सहज ‘च’साठी ‘सी’ आणि ‘एच’ अशी दोन अक्षरे टाइप करतो, ‘श’साठी ‘एस’ आणि ‘एच’. त्या पद्धतीत ‘च’साठी एकटा ‘सी’ असतो, ‘श’साठी वर तिरकी रेघ दिलेला ‘एस’, आणि ‘म’मधला न उच्चारला जाणारा ‘अ’सुद्धा लिहिलेला असतो. बऱ्याच जुन्या नोंदींत देवनागरी शीर्षक नसतेच. शोधणाऱ्याने नेहमीचे स्पेलिंग लिहिले की यादी रिकामी येऊ शकते. अशा वेळी देवनागरीत, नेहमीच्या रोमन स्पेलिंगने आणि लेखकाच्या आडनावाने असे तीनही शोध घ्यावेत.

तिसरी अडचण क्रमांकाची. आयएसबीएन हे आंतरराष्ट्रीय मानक १९७० चे आणि भारतातली नोंदणी त्यानंतरची. १९७० पूर्वीच्या मराठी पुस्तकांवर हा क्रमांक नाही आणि अनेक छोट्या प्रकाशकांनी पुढेही तो घेतला नाही. क्रमांकावर चालणारी एक्स्टेन्शन्स अशा पुस्तकांपुढे निरुपयोगी ठरतात. एकोणिसाव्या शतकातले दुर्मीळ साहित्य हवे असेल तर पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे डिजिटल भांडार किंवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचे ‘ग्रंथ संजीवनी’ थेट उघडून पाहावे.

गैरसमज ५: हे सगळे संगणकवाल्यांसाठी, मोबाइलवर काहीच चालत नाही.

वस्तुस्थिती: अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन बसत नाहीत, एवढे खरे. पण अँड्रॉइडच्या फायरफॉक्सने डिसेंबर २०२३ पासून एक्स्टेन्शन्ससाठी दार मोठे केले. ‘गूगल स्कॉलर’ या शोधनिबंधांच्या शोधसेवेला तर एक्स्टेन्शनही लागत नाही. त्याच्या सेटिंग्जमध्ये ग्रंथालय दुव्यांच्या जागी पाचपर्यंत ग्रंथालये निवडता येतात. निवडलेल्या ग्रंथालयाने ही सेवा घेतली असेल, तर शोधाच्या निकालाशेजारीच त्याचा दुवा येतो.

गैरसमज ६: ब्राउझरच्या दुकानातून घेतलेले एक्स्टेन्शन सुरक्षितच असते.

वस्तुस्थिती: पानावरचा आयएसबीएन वाचायचा तर साधनाला पान वाचण्याची परवानगी लागते. बसवताना ब्राउझर त्याबद्दल विचारतो, आणि बरेच जण न वाचता होकार देतात. ‘द ग्रेट सस्पेंडर’ हे क्रोमचे लोकप्रिय एक्स्टेन्शन दुसऱ्याच्या मालकीचे झाले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये घातक कोड आढळल्याने गूगलने ते काढून टाकले. म्हणून साधन कोणती संस्था चालवते, शेवटचे अद्ययावत कधी झाले आणि परवानगी सगळ्या संकेतस्थळांची मागते की मोजक्यांची, हे पाहूनच ते बसवावे. जुन्या साधनांचे आयुष्यही मर्यादित असते. नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्सच्या ५७ व्या आवृत्तीने जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शन्स बंद केली आणि पहिल्या पिढीतली कित्येक साधने तिथेच थांबली.

या सहाही मुद्द्यांच्या मुळाशी एकच गरज आहे. साधन कितीही चांगले असले तरी वाचनालयाची सूची नेटवर नसेल, तर त्याने विचारायचे कोणाला? गावच्या वाचनालयाला हे परवडणार नाही असे म्हटले जाते. पण ‘कोहा’ ही ग्रंथालय-प्रणाली न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ या छोट्या ग्रामीण ग्रंथालय संस्थेसाठी तयार झाली आणि जानेवारी २००० पासून तिथे वापरात आली. ती खुल्या परवान्याची, मोफत आहे आणि देवनागरीत चालते. खर्च येतो तो सर्व्हरचा आणि नोंदी भरणाऱ्या माणसाच्या वेळेचा. हजारो जुन्या पुस्तकांच्या नोंदी हाताने भराव्या लागतात, हे कष्टाचे काम आहे आणि त्यासाठी अनुदान आणि माणसे दोन्ही हवीत.

या कामाची निकड चिपळूणने अनुभवली आहे. जुलै २०२१ च्या महापुरात शहराबरोबर लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराच्या ग्रंथसंपदेचेही मोठे नुकसान झाले. पूररेषेजवळच्या कोणत्याही वाचनालयाची सूची गावाबाहेरच्या सर्व्हरवर असेल, तर पाणी ओसरल्यावर काय गेले, काय उरले आणि त्याची दुसरी प्रत कुठून मागवता येईल, हे लगेच कळते. सभासदांना यात हातभार लावता येतो. वार्षिक सभेत ऑनलाइन सूचीचा विषय मांडता येतो. महाविद्यालयांतले ग्रंथालयशास्त्राचे विद्यार्थी नोंदी भरायला येऊ शकतात, आणि देवनागरी टाइप करू शकणारे निवृत्त सभासद आठवड्यातले दोन तास देऊ शकतात. सुरुवात कोकणाविषयीच्या आणि कोकणातल्या लेखकांच्या पुस्तकांपासून करावी, कारण त्या प्रती इतरत्र मिळण्याची शक्यता सर्वांत कमी असते.