घाट चढायला नव्वद लिटर पाणी

सत्तर किलोचा माणूस आणि वीस किलोची इलेक्ट्रिक सायकल. या दोघांना खोपोलीतून ५०० मीटर वर, बोरघाटाच्या माथ्यावर नेऊन ठेवायला किमान किती ऊर्जा लागेल? हिशोब शाळेतल्या सूत्राचा आहे: वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची. उत्तर येतं साधारण १२२ वॉट-तास. आपल्या वीजबिलातल्या एका युनिटचा जेमतेम आठवा हिस्सा!

हाच हिशोब उलट्या बाजूने केला की मी दर वेळी थक्क होतो. याच डोंगरातून, जवळपास तेवढ्याच उंचीवरून, लोणावळा, वळवण आणि शिरवट्याच्या तलावांचं पाणी नळांतून खाली खोपोलीला येतं आणि पेल्टन चाकांवर आदळतं. टाटांचं हे वीजकेंद्र १९१५ साली सुरू झालं आणि मुंबईच्या कापड गिरण्या त्या विजेवर फिरू लागल्या. नव्वद लिटर पाणी ५०० मीटर खाली येताना जितकी ऊर्जा मोकळी होते, तितकीच नव्वद किलोंना ५०० मीटर वर चढवायला लागते. मोटरमधली आणि रस्त्यावरच्या घर्षणातली गळती धरली, तरी २०० वॉट-तासांत काम होतं. पायडल मारत गेलात तर त्याहून कमी.

इलेक्ट्रिक सायकलची भूक इतकी लहान आहे, म्हणून तर महावितरणच्या तारेपासून दूर, मुक्कामाच्या गाडीच्या छपरावर पडणाऱ्या उन्हात ती भागते. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. झोपायची सोय, छोटा ओटा आणि मागच्या रॅकवर सायकल, अशी गाडी घेऊन नेरूळ-खारघरहून पवना धरणाच्या काठी किंवा काशिदकडे निघावं, असं वाटणाऱ्यांसाठी ही सगळी आकडेमोड.

नेहमीची इलेक्ट्रिक सायकल घ्या: ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासांची बॅटरी. गुणाकार केला की ३६० वॉट-तास. दीड टनाचा एसी पाऊण-एक तास चालवायला जेवढी वीज लागते, तेवढ्यात ही बॅटरी तीनदा भरेल. डबा उघडून पाहता येत नाही, पण आत बहुधा दंडगोल सेल असतात. अडीच अँपिअर-तासांचे सेल असतील तर ४०: दहांची माळ, अशा चार माळा शेजारी शेजारी. पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्टवर असतो, म्हणून चार्जरवर ४२ व्होल्ट लिहिलेलं दिसतं.

आता छपराकडे बघू. २०० वॉटचा सोलर पॅनल साधारण एक चौरस मीटरचा असतो. आपल्याकडे वर्षाच्या सरासरीने दिवसाला पाच तासांच्या भर उन्हाएवढी ऊर्जा मिळते, म्हणजे कागदावर १००० वॉट-तास. धूळ, उष्णता आणि कंट्रोलरमधली घट वजा करून ७०० धरावेत. गाडीचा पॅनल आडवाच बसवलेला असतो, तो उन्हाकडे कलवता येत नाही. एरवी हे तोट्याचं, पण नवी मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे! मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस सूर्य इथे बरोबर डोक्यावरून जातो. शून्य सावलीच्या त्या दुपारी आडवा पॅनल ऊन अगदी काटकोनात घेतो. डिसेंबरच्या दुपारीसुद्धा आडव्या पत्र्यावर सरळ उन्हाचे जवळपास तीन चतुर्थांश पडतात. जुलैतली शून्य सावली मात्र बहुतेकदा ढगांआडच जाते, आणि दाट ढगांत २०० वॉटचा पॅनल २०-३० वॉटांवर येतो. पावसाळ्यात गाडी चालत असताना तिच्या आल्टरनेटरवरूनच गाडीतली बॅटरी भरून घ्यावी लागते. ती वीज डिझेलची, हे लक्षात असू द्यावं.

पॅनलची वीज जाते गाडीच्या मोठ्या बॅटरीत. हल्ली ती लिथियम आयर्न फॉस्फेटची असते: १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-तास, म्हणजे १२८० वॉट-तास. या रसायनाची गोष्ट आपण अभिमानाने सांगावी अशी आहे. टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेतून १९९७ साली जो शोधनिबंध आला, त्यावर पहिलं नाव अक्षय पाधी यांचं आणि दुसरं के. एस. नंजुंडस्वामी यांचं आहे. या पदार्थात फॉस्फेट ऑक्सिजनला घट्ट धरून ठेवतं, त्यामुळे बॅटरी तापली तरी आगीला आतून ऑक्सिजन सहजी मिळत नाही. ज्या पेटीशेजारी माणसं झोपणार, तिच्यासाठी याहून मोलाचा गुण कोणता?

सर्वात अजब प्रवास इथून पुढचा. मोठ्या बॅटरीतून वीज निघते ती १२ व्होल्टची, एकाच दिशेने वाहणारी. इन्व्हर्टर तिला २३० व्होल्टवर चढवतो आणि सेकंदाला १०० वेळा दिशा बदलायला लावतो. दीड हात वायर ओलांडून ती सायकलच्या चार्जरमध्ये शिरते आणि चार्जर तिला पुन्हा एका दिशेची, ४२ व्होल्टची करतो. एवढी उलथापालथ एकाच फळीवर ठेवलेल्या दोन डब्यांत! चार्जरला हात लावून पाहा, तो कोमट लागतो. तो कोमटपणा म्हणजे वाटेत सांडलेली वीज. ३६० वॉट-तास सायकलमध्ये पोचवायला मोठ्या बॅटरीतून साधारण ४७० काढावे लागतात. शिवाय १००० वॉटचा इन्व्हर्टर नुसता चालू राहायलाच दहाएक वॉट खातो. म्हणून काही जण १२ व्होल्टवरून थेट ४२ व्होल्ट देणारा डीसी चार्जर बसवतात. वरचेवर मुक्कामाला जाणाऱ्यांनी तोच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. इन्व्हर्टरच वापरणार असाल तर प्युअर साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत लाट देणाराच घ्या.

दोन अँपिअरचा चार्जर पाच-सहा तास घेतो. आधी तो प्रवाह कायम ठेवतो. बॅटरी ४२ व्होल्टला पोचली की प्रवाह हळूहळू आटत जातो. शेवटचे दहा-पंधरा टक्के म्हणूनच रेंगाळतात, आणि तेवढा वेळ इन्व्हर्टर चालूच असतो. दुसऱ्या दिवशी लांबचा पल्ला नसेल तर ते टक्के सोडून द्यावेत. बॅटरीचं आयुष्यही त्याने वाढतं.

हे सगळं सायकलपुरतंच, स्कूटरला लागू नाही. इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी तीन-चार हजार वॉट-तासांची असते. तिचा ७५० वॉटचा चार्जर लावला तर १२ व्होल्टच्या बाजूला ६५-७० अँपिअर वाहू लागतात आणि मोठी बॅटरी दोन तासांच्या आत रिकामी होते. २५० वॉटच्या आतली मोटर आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतला वेग असलेल्या सायकलला आपल्याकडे नोंदणी लागत नाही, लायसन्सही लागत नाही. सूर्यावर फिरायला हीच मर्यादा सोयीची पडते.

खरी अडचण उष्णतेची आहे. पॅनलला ऊन हवं, बॅटरीला सावली. लिथियम-आयन सेल ४५ अंशांपुढे चार्ज करू नयेत, आणि मे महिन्यात उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीचं पोट सहज त्यापलीकडे जातं. पॅनलसुद्धा ६०-६५ अंशांवर तापला की आपली बारा-पंधरा टक्के ताकद गमावतो. गाडी उन्हात लावा, पण सायकलची बॅटरी काढून सावलीत, वारा लागेल अशा जागी ठेवा. घाट चढून आल्यावर तिला अर्धा तास निवू द्या, मग चार्जिंगला लावा.

आणि एक कळकळीची विनंती. गाडीत सगळे झोपलेले असताना सायकलची बॅटरी चार्जिंगला लावून ठेवू नका. सायकलच्या सेलचं रसायन बहुधा वेगळं असतं, त्यात फॉस्फेटचा तो सुरक्षितपणा नसतो. सकाळी दहा ते तीनच्या दरम्यान, दार उघडं ठेवून, कुणीतरी जागं असताना लावा. तेव्हा पॅनल भरात असतो, आणि सायकलला लागणारे शंभरएक वॉट मोठ्या बॅटरीतून न काढता थेट उन्हातूनच मिळतात.