पिशवीचे भोक मापाचे हवे

आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर शौचासाठी पोटावर मार्ग काढतात, तो ‘स्टोमा’. गेवराई तालुक्यातल्या चकलांब्यासारख्या गावी रुग्ण पिशवी लावून परततो आणि महिन्याभरात भोवतालची कातडी सोलवटते. रोग उलटला, असे घरच्यांना वाटते. दोष बहुधा पिशवीच्या भोकाचा! पहिले ६ ते ८ आठवडे स्टोमा आक्रसत जातो. भोक मात्र जुन्याच मापाने कापले जाते आणि मळ कातडीवर झिरपतो. परिचर्येच्या मार्गदर्शक सूचनांनुसार माप वरचेवर घ्यावे, भोक २-३ मिलिमीटरच मोठे ठेवावे. धुण्यास कोमट पाणी पुरे. खोबरेल लावल्यास पिशवी चिकटत नाही. हे सिस्टरांनी डिस्चार्जपूर्वी घरच्यांच्या हातून करवून घ्यावे, नुसते सांगू नये. स्टोमा काळानिळा पडल्यास मात्र तत्काळ रुग्णालय गाठावे.