आकृतीची कड आणि तिजवरील रेघ

रेषेस लांबी असते, रुंदी नसते, हें भूमितीच्या आरंभींच विद्यार्थी शिकतात, आणि बहुधा तेथेंच सोडून देतात. संगणकावर चित्रें काढूं लागल्याबरोबर युक्लिडाच्या या व्याख्येशीं त्यांची पुन्हां गांठ पडते. व्हेक्टर पद्धतीच्या चित्रांत रंगाचे ठिपके सांठविलेले नसून आकृतीचें गणितच लिहिलेलें असतें: वर्तुळ म्हणजे केंद्र व त्रिज्या, त्रिकोण म्हणजे तीन बिंदु. अशा आकृतीच्या कडेस रुंदी मुळींच नाहीं. ती डोळ्यांस दिसावी म्हणून तिजवर जी रंगीत रेघ चढवितात, तिला स्ट्रोक म्हणतात. कड निराळी व रेघ निराळी, हें ध्यानांत न घेतल्यामुळें पुष्कळ चित्रें बिघडतात.

अशीं चित्रें लिहिण्याची एस्. व्ही. जी. नांवाची भाषा २००१ सालीं वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेनें प्रमाण म्हणून प्रसिद्ध केली. तींत रेघ कडेच्या दोन्ही अंगांस सारखी पसरते. अर्धी आंत, अर्धी बाहेर. १०० एकक व्यासाच्या वर्तुळास १० एकक जाडीची रेघ दिली, कीं बाहेरून तें ११० भरतें व आंतील रंगास ९० उरतात. सुतारास हें सांगावें लागत नाहीं. करवत किती लांकूड खाणार याचा हिशेब तो आधींच करतो. मुलें मात्र वर्तुळ चित्राच्या सीमेस भिडवून काढतात, आणि रेघ अर्धी कापली गेली म्हणजे यंत्रास बोल लावतात!

देवनागरी अक्षरांस हा प्रकार फार बाधतो. फलकावरील अक्षरें उठून दिसावीं म्हणून रेघ जाड करावी, तों तिचा आंतला भाग अक्षराचें अंगच गिळूं लागतो. 'ष' ची तिरपी दांडी रेघेखालीं बुडाली, कीं दुरून वाचणाऱ्यास तो 'ष' कीं 'प' हें कळत नाहीं. यावर उपाय सोपा आहे. आधीं रेघ व तिजवर आंतील रंग, असा क्रम 'पेंट-ऑर्डर' या गुणानें सांगतां येतो. अक्षर शाबूत राहतें व रेघेचा बाहेरचा अर्धा भाग तेवढा दिसतो. म्हणून बाहेर ३ एकक हवे असल्यास जाडी ६ द्यावी.

कोपऱ्यांची गोष्ट अधिक मौजेची आहे. कोपरा टोकदार, गोल अथवा छाटलेला ठेवतां येतो. टोकदार कोपऱ्यांत रेघेच्या बाहेरील बाजू एकमेकींस मिळेपर्यंत वाढवितात. आंतल्या कोपऱ्यापासून बाहेरच्या टोकापर्यंत मोजल्यास हें अंतर ६० अंशांच्या कोनांत जाडीच्या दुप्पट, तर ३० अंशांत जवळजवळ चौपट भरतें. कोन याहून अरुंद झाला, तर भाल्यासारखें टोंक निघेल. तें आवरण्यासाठीं एस्. व्ही. जी. मध्यें ४ ही मर्यादा धरलेली असते, व ती ओलांडणारा कोपरा छाटला जातो. म्हणून ३० अंशांची पताका टोकदार दिसते आणि २८ अंशांची एकाएकीं बोथट होते. ॲडोबी कंपनीच्या जुन्या पोस्टस्क्रिप्ट भाषेंत हीच मर्यादा १० होती. मर्यादा वाढवितां येते. तथापि अक्षरांस आम्ही गोल कोपराच पसंत करतों.

तुटक रेघेंतही असाच धोका असतो. ५ एककांचे तुकडे, ५ एककांच्या फटी, जाडीही ५, आणि टोकें गोल दिलीं, तर प्रत्येक टोंक अडीच एकक पुढें सरकून शेजारच्यास भिडतें. नकाशावरील पाऊलवाट मग मण्यांच्या माळेसारखी सलग दिसूं लागते.